गोल झाल्यानंतर

परवा ऐन फराळाच्या वेळी आमच्या घरात एक माणूस रुसून बसला होता. वय वर्षे अकरा. शाळेच्या फुटबॉल सामन्यात आमचा नातू गोलकीपर होता, आणि शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू त्याच्या नि खांबाच्या मधून आत गेला होता. "मी आता कधी गोलमध्ये उभा राहणार नाही," एवढेच तो म्हणे. हिने केलेल्या चकल्यांकडेही त्याने पाहिले नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होते हे वाचकांच्या ध्यानात येईल.

वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचण्याची मला जुनी खोड आहे. त्या दिवशी ती प्रथमच कामी आली. मी त्याला बॉब विल्सनची गोष्ट सांगितली.

विल्सन १९४१ साली इंग्लंडात चेस्टरफील्ड येथे जन्मला. आईबाप स्कॉटिश. दोन थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात विमानदलात असताना मारले गेले. हा धाकटा गोल राखण्यात तरबेज निघाला, आणि मँचेस्टर युनायटेडसारखा संघ त्याला घ्यायला तयार झाला. पण वडिलांनी साफ नकार दिला. फुटबॉलचा काय भरवसा? आधी शिक्षण, मग कायमची नोकरी! वाचकहो, हा विचार आपल्याकडे कुठल्या घरात बोलला गेला नाही? आमच्या घरात तो मीच बोललो होतो. या नातवाचा बाप दहावीत असताना त्याची बॅट माळ्यावर टाकणारा मीच. ती पुन्हा खाली आली नाही.

विल्सनने वडिलांचे ऐकले. लफबरो येथे शिकून तो शिक्षक झाला, लंडनच्या शाळेत मुलांना शिकवू लागला. पण गोल काही सुटला नाही. आर्सेनलकडून हौशी खेळाडू म्हणून तो १९६३ साली पहिला सामना खेळला, आणि पुढच्या वर्षी पगारी झाला. तरीही संघातली जागा पक्की व्हायला १९६८ साल उजाडले. इतकी वर्षे तो बहुतेक राखीव संघातच होता. धावत येणाऱ्या गड्याच्या पायांवर डोके पुढे करून झेप घ्यायची, ही त्याची खासियत. हाडे मोडली, पण सवय मोडली नाही.

१९७०-७१ च्या हंगामात लीगच्या ४२ पैकी एकही सामना त्याने चुकवला नाही. ३ मे १९७१ रोजी आर्सेनलने लीग जिंकली. पाचच दिवसांनी वेम्बलीवर लिव्हरपूलविरुद्ध एफ.ए. कपचा अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळ सुरू होताच हायवे डावीकडून घुसला. आता तो चेंडू मध्ये टाकणार असे समजून विल्सन खांबापासून जरा सरकला, आणि चेंडू नेमका त्याच्या नि खांबाच्या मधून आत गेला.

"म्हणजे माझ्यासारखाच?" नातवाने मान वर केली.

"तुझ्यासारखाच. फक्त एक लाख लोकांच्या देखत."

त्यानंतरही विल्सनला तिथेच उभे राहायचे होते, आणि तो उभा राहिला. सोबत्यांनी दोन गोल केले, आर्सेनलने कप जिंकला. एकाच हंगामात लीग आणि कप अशी दुहेरी कमाई त्या क्लबने प्रथमच केली.

१९७४ साली त्याने खेळणे थांबवले. बी.बी.सी.वर तो खेळांचे कार्यक्रम सादर करू लागला, आणि त्याच वेळी आर्सेनलच्या गोलकीपरांना शिकवूही लागला. गोलकीपरासाठी वेगळा शिक्षक ठेवण्याची रीत त्या काळी फारशी नव्हती. पॅट जेनिंग्स, जॉन लुकिक, डेव्हिड सीमन अशा नामांकितांनी त्याच्याकडे सराव केला. १९९५ साली पॅरिसच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी नायीम नावाच्या खेळाडूने मध्यरेषेजवळून उंच मारलेला चेंडू सीमनच्या डोक्यावरून आत गेला. कप गेला. तोच सीमन पुढे १९९८ आणि २००२ साली आर्सेनलने पुन्हा दुहेरी कमाई केली तेव्हा गोलात होता. वेम्बलीचा तो खांब ज्याला ठाऊक होता असा शिक्षक त्याला लाभला, हे मला फार मोलाचे वाटते. वडिलांनी हट्टाने करायला लावलेली शिक्षकी अशी उपयोगी पडली. २००३ पर्यंत विल्सनने हे काम केले.

पुढचे मी नातवाला सांगितले नाही. १९९८ च्या डिसेंबरात विल्सनची मुलगी ॲना कर्करोगाने गेली. बत्तिसावा वाढदिवस काही दिवसांवर आला होता. पुढच्याच वर्षी त्याने आणि पत्नी मेग्ज हिने 'विलो फाउंडेशन' ही संस्था काढली. गंभीर आजारी असलेल्या १६ ते ४० वर्षांच्या माणसांना त्यांच्या मनाजोगा एक दिवस मिळवून देणे, हे तिचे काम.

गोष्ट संपली तेव्हा चिरंजीव दारात उभे होते. किती ऐकले कोण जाणे. बशीतली चकली उचलून ते मुलाला म्हणाले, "चल खाली. खांबाजवळ कसं उभं राहायचं ते बघू."

"बाबा, तुम्हाला येतं?"

"नाही येत. मी बॉल मारतो, तू अडव."

दोघे गेले. मी माळ्याकडे पाहिले. बॅट अजून तिथेच असावी. शिडी धरायला उद्या कोणाला तरी बोलवायला हवे.