हातोडा पडतो तेव्हा वस्तूचे काय हरवते?

बीबीसीवर २०११ पासून ‘सेलिब्रिटी अँटिक्स रोड ट्रिप’ नावाचा कार्यक्रम दाखवला जातो. दोन नामवंत, प्रत्येकाच्या सोबतीला जुन्या वस्तूंचा एक जाणकार, प्रत्येक जोडीच्या हाती ४०० पौंड आणि फिरायला एक जुनी डौलदार मोटार. गावोगावच्या दुकानांतून घासाघीस करून वस्तू घ्यायच्या आणि लिलावात विकायच्या. ज्याचा नफा अधिक, तो विजेता.

नफा मुलांसाठीच्या ‘चिल्ड्रन इन नीड’ या निधीला जातो, त्यामुळे हेतूबद्दल तक्रार नाही. कार्यक्रम रंजकही आहे (मीही भाग पाहत बसतो). आक्षेप आहे तो त्यातल्या मोजमापाला.

मधूनच ही मंडळी एखाद्या संग्रहालयात वा ऐतिहासिक वास्तूत जातात. तिथे त्यांना माणसांची नावे, गाव, साल, प्रसंग असे सारे सांगितले जाते आणि ती तन्मयतेने ऐकतात. मग दुकानात परततात, एखादी चहादाणी उचलतात आणि विचारतात, कितीला देणार? ती कोणाच्या घरातली, हा प्रश्न विचारलाच तर भाव वाढण्यापुरता. खरेदी आणि विक्री अशा दोन रकान्यांच्या हिशेबात तिसऱ्या रकान्याला जागाच नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तोच तिसरा रकाना हवा असतो. वस्तू कुठे होती, कोणी वापरली, कोणाकडून कोणाकडे गेली, ही मालकीची साखळी तुटली की उरते ती केवळ शोभेची वस्तू. घर रिकामे करताना पेटी एका दुकानात जाते आणि पेटीतली पत्रे रद्दीत. पेटीला गिऱ्हाईक मिळते; पत्रांशिवाय ती कोणाची होती हे मात्र कायमचे पुसले जाते.

“लिलाव नसते तर या वस्तू भंगारात गेल्या असत्या,” असे उत्तर नेहमी मिळते. ते अर्धेच खरे आहे. वस्तू वाचते, पण निनावी होऊन.

आपल्या इतिहासाशी थेट जोडलेले उदाहरण घ्या. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळवली. सुमारे ४७ लाख रुपये खर्च आला आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. आनंद झालाच. पण ती नागपूरहून लंडनला गेली कशी? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरची लूट असावी किंवा इंग्रजांना मिळालेली भेट असावी, अशा शक्यताच शासनालाही वर्तवाव्या लागल्या. लूट आणि भेट यांत किती अंतर आहे, हे वेगळे सांगायला नको. मधल्या काळात ती कोणाकोणाच्या हाती होती याची अखंड नोंद हाती असती, तर आपण ‘असावी’वर थांबलो नसतो.

शिवाय ती ओळखू आली, कारण पात्यावर देवनागरीत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब सोन्यात कोरलेला होता. तो लेख नसता तर सूचीत तिचे वर्णन मराठा धाटणीची एक तलवार, युरोपीय पाते, एवढ्यावरच आटोपले असते. अशा बिननावाच्या वस्तूंना परत मागायलाही कोणी जात नाही.

ही वृत्ती केवळ विलायतेची नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पण वाडा पाडताना कोरीव खांब थेट हॉटेलच्या सजावटीला जातात. तिथे जेवणाऱ्याला तो कोणत्या पेठेतला, कोणत्या वाड्याचा, हे कोण सांगणार?

आणि घरातली भांडी! त्यांवर नाव, तारीख, कधी लग्नाचा वा मुंजीचा प्रसंग घालण्याची आपली जुनी रीत. मोडीत घालताना दुकानदार वजन तेवढे पाहतो. जागा नसेल तर खुशाल विका. मात्र त्याआधी कोरलेल्या अक्षरांचे छायाचित्र घ्या, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते नाव कोणाचे हे विचारा आणि मिळेल ते उत्तर तारखेसह वहीत उतरवून ठेवा.