माशाच्या डोक्यातला तापमापक

घोळीचे डोके कालवणात घातले की खाताना दाताखाली पांढरा खडा कटकन लागतो. आपण तो ताटाच्या कडेला सारतो. जरा शोधले तर दुसऱ्या बाजूलाही तसाच सापडेल. हे हाड नव्हे, माशाच्या कानातला चुन्याचा खडा, म्हणजे कर्णाश्म. तोल सांभाळायला आणि ऐकायला माशाला तो लागतो. त्यावर थरावर थर चढत जातात आणि झाडाच्या खोडासारखे त्यातून माशाचे वय मोजता येते.

पण वयापलीकडचीही एक नोंद त्यात असते. ऑक्सिजनचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. पाणी जितके थंड, तितका खड्यात जड ऑक्सिजन जास्त. फरक किती? चार-एक अंश सेल्सिअसला हजारात एक! समुद्री शिंपल्यांसाठी ही युक्ती १९४७ साली हॅरल्ड यूरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सुचवली. जहाजांवरून तापमान नीट मोजू लागून दीडएकशे वर्षेच झाली. त्याआधीचा समुद्र विचारायचा तो अशांनाच. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये कर्णाश्मांवरून प्राचीन समुद्राचे तापमान काढण्याची पद्धत मांडली.

यात एक मेख आहे. तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमची भातशेती भिजवून कावेरीचे फाटे समुद्राला मिळतात. नदीच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी, म्हणून मुखाजवळच्या माशाचा खडा समुद्र होता त्याहून उबदार दाखवील. यावर उपाय म्हणजे जड कार्बन आणि जड ऑक्सिजन यांच्या जोड्या मोजणे. थंडीत त्या जास्त जमतात, मग पाणी नदीचे असो की समुद्राचे.

पापनाशमच्या वायव्येला, कोळ्ळिडम ओलांडून अरियलूरच्या पुढे गेले की काराईची ओसाड, ओघळींनी चिरलेली जमीन लागते. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्या मातीत शार्कचे दात मिळाले आहेत. कर्णाश्म जमिनीत लवकर बदलतो, त्याची नोंद पुसते. दाताच्या चकचकीत आवरणातला ऑक्सिजन मात्र फॉस्फरसला घट्ट धरून असतो. जुन्या काळासाठी माझा भरवसा दातावरच!

तिथे गेलात आणि असा दात दिसला, तर खिशात टाकू नका. तो कोणत्या थरातला हे हरवले, की पाणी किती उबदार होते ते कळेल, पण केव्हा, ते नाही.