'पिण्यास योग्य' म्हणजे नेमकं काय हो साहेब?

आमच्या तालुक्यातल्या विहिरी-बोअरच्या पाणी तपासणीचे अहवाल माहिती अधिकारात मिळवले. अकरा गावं. अकराही गावांत नायट्रेट लिटरमागे 40 ते 44 मिलिग्रॅम. भारतीय मानकाची मर्यादा किती? 45. जमिनीखालचं पाणी आहे की परेडला उभी केलेली पोरं?

त्यातल्या एका गावाचा कागद बघा. विद्युतवाहकता 1850, विरघळलेले क्षार 480. मी काही बीएस्सी नाही, पण हा साधा गुणाकार आहे. भूजलात क्षारांचा आकडा साधारण वाहकतेच्या 0.55 ते 0.75 पट येतो. म्हणजे हजाराच्या वर यायला पाहिजे. दोनातला एक आकडा नक्की चुकलाय. क्षारांची पहिली मर्यादा 500 आहे, एवढंच सांगून ठेवतो. खाली सही आहे, शिक्का आहे, 'पिण्यास योग्य' आहे. सही करणाऱ्यानं कागद वाचला असता तर हे एका मिनिटात दिसलं असतं.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: "लॅबला एनएबीएल मान्यता आहे." अहो, ती मान्यता घटकानुसार असते. कोणत्या घटकासाठी, कोणत्या पद्धतीनं, ते तिच्या यादीत लिहिलेलं असतं. भिंतीवरची फ्रेम दाखवू नका, यादी दाखवा.

आणि मान्यता असली तरी रोजचं काम कोण बघतं? चांगल्या लॅबमध्ये प्रत्येक बॅचसोबत शुद्ध पाण्याचा ब्लँक चालवतात, म्हणजे भांड्यातली घाण आकड्यात शिरली का ते कळतं. एकच नमुना दोनदा तपासतात. नमुन्यात मोजून नायट्रेट मिसळतात आणि तेवढंच परत सापडतं का बघतात. दहा घातले आणि सहाच सापडले, तर त्या दिवसाचे सगळे आकडे रद्द. या नोंदींची वही मी मागितली. "ती अंतर्गत बाब आहे," असं लेखी उत्तर आलं. लोकांच्या पोटात जाणारं पाणी अंतर्गत बाब कधीपासून झालं?

आता खरी भीती. काही यंत्रं नायट्रेट नाही, त्यातला नायट्रोजन दाखवतात. त्या आकड्याला 4.43 नं गुणावं लागतं. यंत्रावर 20 दिसलं आणि कागदावर तसंच 20 उतरवलं, तर पाणी 'योग्य' ठरतं. खरं नायट्रेट असतं 88 च्या पुढं. अहवालावर नायट्रेट 'कशाच्या स्वरूपात' हे लिहिलेलंच नाही, पद्धतीचा रकाना कोरा. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला याच पाण्यात पावडर कालवून देतात. रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते, बाळ निळं पडतं. आणि आपल्याकडे सल्ला काय, तर पाणी उकळा! उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं.

लॅबमधल्या पोरांवर माझा राग नाही. कंत्राटी नोकरी, आणि वरून महिन्याला इतके नमुने झालेच पाहिजेत असा तगादा. नमुना येतो कोल्ड्रिंकच्या बाटलीत, उन्हात दोन दिवस फिरून. अशा बाटलीला परत पाठवायचा अधिकार त्या पोराला आहे का? नाही. आढावा बैठकीत नमुने किती झाले हे विचारतात. बाद किती केले, हे विचारलेलं मी वीस वर्षांत ऐकलं नाही. एकही नमुना बाद न करणाऱ्या लॅबचं कौतुक करायचं का चौकशी, ते जिल्हा परिषदेनं सांगावं.

मागणी सरळ आहे. अकराही गावांचे नमुने पुन्हा घ्या, ग्रामस्थांसमोर. प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या भरा, एक इथं, एक जिल्ह्याबाहेरच्या लॅबला. अहवालावर पद्धत, नमुना घेतल्याची आणि तपासल्याची तारीख, त्या दिवसाच्या ब्लँकचा आकडा छापा. तोवर ज्या घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे, तिथं दुसऱ्या स्रोताचं पाणी पोचवा. टँकर लागला तर टँकर.

माहिती अधिकारात दप्तर प्रत्यक्ष बघायचा हक्क आहे. सोमवारी अकरा वाजता मी त्या वहीसाठी अर्ज घेऊन जातोय. ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या गावाचा अहवाल सोबत आणा.