मुंबई पाहिली ६ डिसेंबरला, राहायचे मात्र मे महिन्यात

विदर्भातल्या आपल्या बहुतेक घरांनी मुंबई पाहिलेली असते ती ६ डिसेंबरला. चैत्यभूमीवर अभिवादन करायचे, एक-दोन रात्री शिवाजी पार्कात काढायच्या, परतीची गाडी धरायची. तेव्हा हवा बरी असते. पुढे एप्रिलात कामासाठी बिऱ्हाड हलते आणि पोरगा ऐटीत सांगतो, आम्ही पंचेचाळीस डिग्रीत वाढलो, तुमच्या चौतीसचे काय कौतुक!

वस्त्यांमध्ये काम करताना ही ऐट आम्ही नेहमी ऐकतो. तीच घात करते. नागपूर-अकोल्याचे ऊन कोरडे. तिथे घाम उडतो आणि उडताना अंग थंड करतो. मुंबईची हवा दमट. घाम नुसता गळतो. अंगातले पाणी आणि मीठ जाते, अंग तापलेलेच राहते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उष्माघाताने माणसे गेली, त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता.

गावाकडचा कूलर आणू नका. पत्र्याच्या बंद खोलीत तो ओल वाढवतो, गारवा देत नाही. त्या पैशात पंखा घ्या, समोरासमोर दोन झरोके पाडून घ्या.

नव्या हवेची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी बांधकामावर पूर्ण पाट्या उचलू नयेत. मुकादम हे ऐकत नाही, आम्हाला ठाऊक आहे; म्हणून नव्या पोराने एकट्याने नव्हे, वस्तीतल्या जुन्या कामगारांनी त्याच्याशी बोलावे. आणखी एक. घाम आटला तरच ऊन लागले, असे समजू नका. मेहनत करताना घाम चालू असतानाही उष्माघात होतो. माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पावसाळ्याचे वेगळेच. आपल्याला परवडणारी खोली नाल्याकाठी असते, हा काही योगायोग नाही. पागडी-भाडे ठरवण्याआधी शेजारच्या ताईंना विचारा, जुलैत पाणी कुठवर चढते. भिंतीवरची ओलीची रेघ बघा. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, त्यातही पायाला जखम असेल, तर ताप येण्याची वाट न बघता ७२ तासांच्या आत पालिकेचा दवाखाना गाठा आणि लेप्टोच्या गोळीचे विचारा. गरोदर बायांनी ती मनाने घेऊ नये, लहान मुलांनाही देऊ नये.

बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितले, माणसे शहरात आली, अजून येत आहेत. आलेल्याला इथली हवा कोण समजावणार? विहारात जयंतीच्या बैठका महिनाभर चालतात. वर्गणीसाठी आपण घरोघर फिरतो, नवे बिऱ्हाड कोणते ते तिथेच कळते, आणि दिवसही नेमके एप्रिलचेच. पावतीपुस्तकाबरोबर एक जण या पाच गोष्टी सांगणारा असावा. शक्यतो एखादी बाई. खोलीत दिवसभर तापते तीच.