भिंतीवरचे नाव आणि कागदावरचा हक्क

संप म्हटला की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे गिरणीचे बंद फाटक उभे राहते. १८ जानेवारी १९८२ रोजी जो संप सुरू झाला त्यात जवळजवळ अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि तो रीतसर मागे घेतला गेला असे आजही कोणी म्हणू शकत नाही. हा अनुभव गाठीशी असलेल्या शहरात, २ मे २०२३ रोजी अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणीचे सुमारे साडेअकरा हजार लेखक काम बंद ठेवून स्टुडिओंच्या फाटकांवर फलक घेऊन उभे राहिले या वार्तेचे स्वागत बहुतांशी कुतूहलानेच झाले. लेखकाने संप करायचा म्हणजे काय करायचे? तो लिहिणार नाही, एवढेच ना? त्याने न लिहिल्याने कोणाचे अडते?

अडले, आणि १४८ दिवस अडले. १४ जुलैला नटनट्यांची संघटनाही संपात उतरली; लेखक आणि नट एकाच वेळी संपावर जाण्याचा प्रसंग १९६० नंतर प्रथमच आला होता. सप्टेंबरच्या अखेरीस निर्मात्यांच्या संघटनेला करार करावा लागला. मालिकेच्या लेखनाला किती लेखक नेमलेच पाहिजेत याची किमान संख्या ठरली. एखादी कृती इंटरनेटवरील सेवांवर भरपूर पाहिली गेली तर लेखकाला अधिक मोबदला मिळावा हे तत्त्व मान्य झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर हे ‘लेखन’ मानले जाणार नाही आणि त्याच्या आधारे लेखकाचे श्रेय वा मानधन कापता येणार नाही, हेही लिहून घेण्यात आले. या कराराची मुदत १ मे २०२६ पर्यंत ठरवण्यात आली. संपानंतर सारे आबादीआबाद झाले असे मात्र कोणी समजू नये. पुढच्या हंगामात टीव्हीच्या लेखनाची कामे मोठ्या प्रमाणात घटली आणि अनेक लेखक घरी बसले. तथापि जे काम उरले त्याच्या अटी एकट्या मालकाला ठरवता आल्या नाहीत.

अमेरिकन लेखकांना ही ताकद काही प्रतिभेने मिळाली नाही. मार्च १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन कडाक्यात, हॉलिवुडच्या स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी निम्मी पगारकपात जाहीर केली. विजेची, रंगमंचाची कामे करणारे तंत्रज्ञ संघटित होते; त्यांनी कपात साफ नाकारली आणि स्टुडिओंना त्यांच्यापुढे नमते घ्यावे लागले. कादंबऱ्या आणि नाटके लिहून नावारूपाला आलेले लेखक असंघटित होते; त्यांचे पगार कापले गेले. पुढच्याच महिन्यात पटकथाकारांच्या गिल्डची नव्याने उभारणी झाली. साहित्यिकांना संघटनेचा पहिला धडा दिवाबत्तीच्या कामगारांकडून घ्यावा लागला ही गोष्ट आपल्याकडील लेखकमंडळींनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गिल्डला १९३८ साली मतदानाने मान्यता मिळाली, तरी पहिला करार हाती यायला पुढचे दशक उजाडले.

त्या गिल्डने कोणता हक्क सर्वांत आधी स्वतःच्या ताब्यात घेतला? पडद्यावर कोणाचे नाव लेखक म्हणून जाईल हे ठरवण्याचा. एका पटकथेवर चार-चार लेखकांचा हात फिरलेला असतो. वाद झाला तर निर्मात्याने नव्हे, गिल्डने नेमलेल्या लेखकांनीच सारे खर्डे वाचून निर्णय द्यावा अशी तेथे पद्धत आहे. पुनःप्रक्षेपणाचा मोबदला श्रेयाप्रमाणे वाटला जात असल्याने या नावाला पुढील कित्येक वर्षांची रोजीरोटी बांधलेली असते. आणि नाव पुसले गेले म्हणजे काय होते हेही तेथेच दिसले. १९४७ नंतर कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काळ्या यादीत टाकले गेले त्यांत गिल्डचे पहिले अध्यक्ष जॉन हॉवर्ड लॉसन होते, डाल्टन ट्रंबो होते. दोघांनीही तुरुंगवास भोगला. ट्रंबो यांनी ‘रोमन हॉलिडे’ लिहिला, नाव दुसऱ्याचे लागले. ‘द ब्रेव्ह वन’ टोपणनावाने लिहिला. त्याला ऑस्कर मिळाले तेव्हा खऱ्या लेखकाला पुढे येऊन ते घेता आले नाही. ‘रोमन हॉलिडे’वर त्यांचे नाव गिल्डने परत चढवले ते २०११ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी. स्टुडिओंनी काळी यादी पाळली, आणि गिल्डनेही त्या काळात पाठीचा कणा ताठ ठेवला नाही. हा डाग झाकण्याचे कारण नाही.

आता मुंबईकडे वळावे. १९३४ साली प्रेमचंद येथे एका चित्रपट कंपनीच्या वर्षाच्या करारावर आले आणि त्यांनी गिरणी कामगारांच्या जीवनावर ‘मजदूर’ लिहिला. मुंबईत त्यावर बंदी आली. प्रेमचंद वर्षभरातच कंटाळून बनारसला परतले. १९५१ चा ‘आवारा’ सारे जग राज कपूरचा म्हणून ओळखते. तो ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी लिहिला हे सांगावे लागते. ‘दो आंखें बारह हाथ’ म्हणजे शांतारामबापू. औंध संस्थानातील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगातून स्फुरलेली ती कथा त्याच आटपाडीच्या मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी कागदावर उतरवली, हे गीतरामायण तोंडपाठ असलेल्या घरांतही क्वचितच ठाऊक असते. ‘सामना’तील साखर कारखान्याचे राजकारण आणि ‘मंथन’मधील दूध सोसायटी ज्यांनी लिहिली त्या विजय तेंडुलकरांचे नाव लोक आदराने घेतात, पण ते नाटककार म्हणून. ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले ही गोष्ट सहकाराच्या कार्यकर्त्यांना अभिमानाने सांगता येते. त्याच चित्रपटाच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

१९७३ च्या मे महिन्यात ‘जंजीर’ प्रदर्शित झाला तेव्हा भिंतींवरच्या पोस्टरांवर लेखकांची नावे नव्हती. सलीम-जावेद यांनी पदरचे पैसे देऊन रंगारी गाठला आणि मुंबईभरच्या पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली. ही हकिगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे आणि ती ऐकताना सर्वांना गंमत वाटते. वास्तविक तो एक सत्याग्रहच होता, जरी सत्याग्रही दोनच होते. पुढे ‘दीवार’ आणि ‘शोले’ आले, आणि लेखकाचे नाव पाहून तिकीट काढणारा प्रेक्षक तयार झाला. परंतु हा विजय त्या जोडीचा होता, धंद्यातल्या सर्व लेखकांचा नव्हता. यशस्वी लेखकाने आपला भाव वाढवून घेतला की खालच्या शंभरांचा भाव आपोआप वाढतो असे मानणारे पुष्कळ आहेत. कारखानदारीत हेच तत्त्व सांगणाऱ्याला कोणीही मालकाचा वकील म्हणेल.

खालच्या शंभरांचा व्यवहार कसा चालतो? हिंदी चित्रपटात ‘कथा’, ‘पटकथा’ आणि ‘संवाद’ अशी लेखनाची तीन शकले पाडली गेली आहेत. त्यांत भाषेची सोय आहे हे खरे; एकाला प्रसंग रचता येतात, दुसऱ्याची उर्दू चांगली असते. पण एका कामाचे तीन तुकडे झाले म्हणजे मजुरीचेही तीन तुकडे होतात, आणि तीन माणसे एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहू लागतात. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे ‘नरेशन’. नवा लेखक निर्मात्यासमोर बसून दोन-अडीच तास कथा सांगतो, पार्श्वसंगीतासकट. चहा येतो, निर्माता ‘बघू’ म्हणतो. त्या दोन तासांचा मोबदला नाही आणि पुरावाही नाही. आर. जी. आनंद या नाटककाराने आपले ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक चित्रपटवाल्यांना असेच ऐकवले होते; १९५६ साली ‘नई दिल्ली’ चित्रपट आला तेव्हा आपलीच कल्पना उचलली गेल्याचे सांगत त्यांनी दावा लावला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. आणि चित्रपटाची मांडणी पुरेशी वेगळी होती. कायदा म्हणून निर्णय योग्यही असेल. कल्पनेला कुंपण घातले तर उद्या कोणालाच काही लिहिता येणार नाही. पण ज्या धंद्यात मालाचा पहिला नमुना तोंडी आणि फुकट द्यावा लागतो, तेथे या निर्णयाचे ओझे कोणाच्या डोक्यावर पडते ते उघड आहे.

दूरचित्रवाणीवर रोजच्या मालिका सुरू झाल्यापासून तर हे लेखन सरळसरळ उक्ते काम झाले आहे. भागाला इतके, आणि तेही भाग प्रक्षेपित झाल्यावर कित्येक आठवड्यांनी. करारपत्र आले तर त्यात श्रेय देण्या-न देण्याचा अधिकार निर्मात्याचा, लेखकाला केव्हाही काढण्याचा अधिकार निर्मात्याचा, आणि कोणी तिसऱ्याने दावा लावला तर त्याची भरपाई मात्र लेखकाची, अशी कलमे सर्रास आढळतात. १९८१ साली संसदेने सिनेकामगारांसाठी जो कायदा केला त्यात लेखी कराराची अट होती. अट होती, एवढेच.

आणि तरीही भारतीय पटकथाकाराच्या हाती एक गोष्ट अशी आहे की जी अमेरिकन लेखकाकडे नाही. अमेरिकेच्या कायद्यात स्टुडिओसाठी केलेल्या लेखनाचा ‘लेखक’ ती कंपनीच मानली जाते. भारतात १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने संगीतकार-गीतकारांच्या बाबतीत निर्मात्याची बाजू अशीच भक्कम केली होती. ती दुरुस्त व्हायला पस्तीस वर्षे गेली. मे २०१२ मध्ये संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली, आणि त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर झगडले. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य मार्गांनी त्या कृतीचा जो वापर होईल त्याच्या रॉयल्टीत लेखकाचा समान वाटा आहे, आणि हा वाटा लेखकाने करारात सोडून दिला तरी ते सोडणे अवैध आहे, असे कायदा म्हणतो. वारसाला किंवा वसुली करणाऱ्या सोसायटीलाच तो देता येतो. इतके स्पष्ट संरक्षण फार थोड्या देशांतल्या लेखकांना असेल.

मग फरक कोठे पडला? गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी वसुली करणारी संस्था १९६९ पासून अस्तित्वात होती. तिच्यातही मालकांचे वर्चस्व होते आणि भांडणे झाली, पण निदान भांडायला घर होते. दुरुस्ती झाली त्या दिवशी पटकथाकारांसाठी अशी संस्थाच नव्हती. हक्क जन्माला आला आणि त्याचे पैसे मागायला जाणारा कोणी नव्हता. अमेरिकन लेखकाने कॉपीराइट गमावला, पण तो कायद्याने नोकर ठरला आणि नोकर म्हणून त्याला सामुदायिक वाटाघाटीचा अधिकार मिळाला. तिकडचे नाटककार आपला कॉपीराइट राखून असतात आणि नेमके त्यामुळेच त्यांच्या गिल्डला कामगार संघटनेसारखा सौदा करता येत नाही. मालकी की संघटना, अशी विचित्र निवड तेथील कायद्याने लेखकांपुढे ठेवली आहे. भारतीय पटकथाकाराची संघटना ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदलेली आहे. कथांची नोंदणी ती करते, तंटे सोडवते. त्याच्याजवळ मालकीही आहे आणि युनियनही. नाही ते हे की त्याने लेखणी खाली ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुसरा ती उचलणार नाही, असा भरवसा.

हा भरवसा का निर्माण झाला नाही याचे एक कारण लेखकांच्या मनात आहे. मराठी साहित्यिकाला मानधन चालते, मजुरी चालत नाही. ‘मानधन’ या शब्दात मान आधी येतो आणि धन बहुधा येतच नाही. रात्री अकरा वाजता फोन येतो की उद्याच्या चित्रीकरणाला प्रसंग हवा आहे, नायिकेच्या तारखा नसल्याने तिच्यावाचून. तो प्रसंग पहाटे पाचपर्यंत लिहून देणारा माणूस पाळीवरच्या कामगारापेक्षा कोणत्या अर्थाने वेगळा आहे? त्याच्या कामात कौशल्य आहे म्हणावे, तर ते जॉबरच्या आणि फिटरच्या कामातही होते. कामगार चळवळीकडूनही चूक झाली आहे. कलावंत हे मध्यमवर्गीय, त्यांचे काय एवढे, असे म्हणून तिने त्यांना शिवाजी मंदिरच्या आवारात सोडून दिले, आणि मग तेच लेखक पडद्यावर संपाचा खलनायक रंगवू लागले तेव्हा रागही केला.

आज लगेच करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. मराठी चित्रपटांना महाराष्ट्र शासन अनुदान देते. हा जनतेचा पैसा आहे. त्या अनुदानाच्या अर्जासोबत पटकथाकाराशी झालेला लेखी करार, त्याचे पैसे चुकते झाल्याची पावती आणि श्रेयनामावलीतील त्याच्या नावाची नोंद जोडणे सक्तीचे असावे, आणि करारातील रॉयल्टीचे कलम २०१२ च्या दुरुस्तीशी ताडून पाहिले जावे, ही मागणी लावून धरायला संपाची गरज नाही. विधिमंडळात एक प्रश्न आणि सांस्कृतिक कार्य खात्यावर एक शिष्टमंडळ पुरेल. शिष्टमंडळात लेखकांबरोबर प्रकाशयोजनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे कामगारही असावेत. १९३३ चा अनुभव पाहता त्यांनाच पुढे बसवलेले बरे.