दम आहे, नडगी कच्ची आहे

बेळगावातल्या खासबागहून वडगावमार्गे येळ्ळूर आणि पुढे राजहंसगडाचा चढ सायकलने काढणारे आम्ही बरेच आहोत. त्यातले काही आता लांब पल्ल्याचं पळायला लागलेत. मला याचा फार आनंद आहे, पण त्यांची घाई बघवत नाही.

सायकलवाल्याचा छातीचा दम तयार असतो. पहिल्याच दिवशी पाच-सहा किलोमीटर सहज निघतात आणि तिथंच घात होतो. सायकलवर अंगाचा भार सीटवर असतो. पळताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार एकाच पायावर आदळतो. नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर हा मारा सोसायला महिने घेतात. म्हणून आधी दोन मिनिटं पळावं, एक मिनिट चालावं, तेही दिवसाआड. मधल्या दिवशी सायकल आहेच. नडगीवर बोट दाबल्यावर एकाच जागी कळ आली, तर पळणं थांबवून डॉक्टर गाठावा. दम किती उरलाय, हे तेव्हा विचारूच नये.

बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. सायकलिंगचे कडक तळव्याचे बूट इथं चालत नाहीत. शर्यतीतले कार्बन प्लेटवाले महागडे बूटही नवख्याला नकोत. साधा, पायाला बसणारा जोड ५०० ते ८०० किलोमीटर जातो.

मुळात बूटच कशाला, असंही कुणी विचारेल. आपल्याच बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत धावून एकोणिसावे आले. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकरी घरचे गडी अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिले आणि भारतीय संघ पाठवायचं मनावर घेतलं. ते पाय लहानपणापासून मातीत घडलेले होते. खुर्चीत आणि सीटवर वाढलेल्या पायांनी त्यांची नक्कल एका महिन्यात करू नये.

माती मात्र आपल्यालाही हवी. स्मार्ट सिटीत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक भरपूर झाले. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालच्या वाटा महापालिकेनं मातीच्याच ठेवाव्यात. खासबाग-वडगावकडच्या मुलांना पळण्यासाठी तिकडं जावं लागू नये. येळ्ळूर रस्त्याकडेला चार फुटांची मातीची पट्टी त्यांच्यासाठी सोडावी.