डबा घेण्याआधी बॅचचा अहवाल मागा

पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलामुलींनो, तालमीतल्या पैलवानांनो, आणि पोटाला चिमटा काढून पोराला ‘पावडरी’साठी पैसे देणाऱ्या आईवडिलांनो, हे आवाहन तुम्हाला आहे. प्रोटीन पावडरचा पुढचा डबा घेण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘या बॅचचा तपासणी अहवाल कुठे आहे?’ तो दाखवता आला नाही, तर डबा घेऊ नका. समोरचा माणूस कितीही ओळखीचा असला, सवलत कितीही मोठी असली, तरी घेऊ नका.

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पावडरीतलं प्रोटीन आम्ही कसं मोजतो हे आधी सांगते, कारण फसवणुकीची वाट तिथूनच जाते. नमुन्याची चिमूटभर पावडर लांब मानेच्या काचेच्या चंबूत घालून सल्फ्युरिक आम्लात तासन्‌तास उकळतात. काळा पडलेला द्रव हळूहळू स्वच्छ होतो. मग त्यातला अमोनिया ऊर्ध्वपातनाने बोरिक आम्लात घेतात आणि हिरव्या रंगाचा गुलाबी होईपर्यंत थेंब थेंब आम्ल सोडतात. यातून कळतो तो फक्त नायट्रोजन. त्या आकड्याला साधारण सव्वासहाने गुणलं की प्रोटीनचा आकडा मिळतो. नायट्रोजन दुधातून आला की दुसऱ्याच कशातून, हे ही चाचणी सांगत नाही. म्हणून लबाड उत्पादक पावडरीत ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळतो. दुधापासून काढलेल्या व्हे प्रोटीनच्या तुलनेत ते मातीमोल भावाने मिळतं. कागदावर प्रोटीन भरगच्च दिसतं आणि तुमच्या पोटात मात्र ते जात नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळलं गेलं तेही हीच चाचणी चकवण्यासाठी. सहा बालकं दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली.

आपल्याकडची स्थितीही काळजीची आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट्स केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरिअक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून घेतल्या. त्यांचा अभ्यास एप्रिल २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात आला. ३६ पैकी २५ डब्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आत सापडलेलं प्रोटीन जुळत नव्हतं. सुमारे १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन होतं, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश होते. ३६ डबे म्हणजे सगळा बाजार नव्हे, हे मला मान्य आहे. पण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आहे. दमट गोदामात पडलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर ती बुरशी धरते आणि ते विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं. तब्येत कमवायला घेतलेल्या डब्यात ते एकदाही सापडता कामा नये.

पावडरीत सापडणारं शिसं आणि कॅडमिअम मात्र कुणी मुद्दाम घालत नाही. जमिनीतून ते पिकात येतं, पिकातून पावडरीत. तेव्हा ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ असं छापलेलं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ‘आयुर्वेदिक’ या शब्दावरही डोळे झाकून विसंबू नका. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचं २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने छापलं होतं. परदेशातल्या आपल्या माणसांना इथून चूर्णं-गोळ्या पाठवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती लपवलेल्या औषधांची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात तब्बल ७७६ सप्लिमेंट्समध्ये लेबलवर न लिहिलेली औषधं सापडली. बहुतेक उत्पादनं कामशक्ती वाढवण्याची, वजन घटवण्याची किंवा स्नायू फुगवण्याची होती. वजन घटवण्याच्या उत्पादनांत वारंवार सापडणारं सिब्युट्रामाइन हृदयाला धोका असल्यामुळे आपल्या देशात २०११ पासून बंद आहे. तेव्हा दोन आठवड्यांत फरक दिसेल असं कुणी सांगितलं, तर त्या डब्यापासून चार हात लांब राहा. अन्नाने दोन आठवड्यांत असा फरक पडत नाही, औषधाने पडतो. खेळाडूंनी तर जास्तच सावध राहायला हवं. उत्तेजक चाचणीत दोष आला, तर डब्यात भेसळ होती हे सांगून सुटका होत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असाच नियम आहे.

डब्यावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असतो. लोकांना वाटतं, सरकारने माल तपासून हा शिक्का मारला. तसं नाही. तो धंद्याचा परवाना आहे. क्रमांक नसेल तर डबा घ्यायचाच नाही, पण आहे म्हणजे हा डबा तपासला गेला, असं धरून चालू नका. मात्र त्याच परवान्याची एक अट अशी आहे की उत्पादकाने निदान सहा महिन्यांतून एकदा आपल्या मालाची तपासणी करून घ्यावी. म्हणजे अहवालाचे कागद कारखान्यात असायलाच हवेत. तुम्ही जगावेगळं काही मागत नाही आहात. फक्त अहवालावरचा बॅच क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. जुन्या बॅचचा कागद नव्या डब्याला चालत नाही.

आणि अहवालात काय पाहायचं? नुसता प्रोटीनचा आकडा नको. अमिनो आम्लांची फोड, शिसं-कॅडमिअम-आर्सेनिक-पारा, अफ्लाटॉक्सिन, जिवाणू, आणि खेळाडूंसाठी उत्तेजक द्रव्यांची चाचणी हवी. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची त्या प्रयोगशाळेला मान्यता आहे का, तेही पाहा.

फार थोड्या लोकांना माहीत असलेला एक हक्क सांगते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक विकत घेतलेलं अन्न सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं आणि शुल्क भरावं लागतं. माल कायद्यात न बसणारा निघाला, तर शुल्क परत मिळतं. एकट्याला ते जड जात असेल, तर तालमीतल्या, अकॅडमीतल्या दहा जणांनी वर्गणी काढा. एका गावात एक नमुना तपासायला गेला, तरी तालुक्यातले दुकानदार सावध होतील.

जिम आणि अकॅडमी चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मोठ्या गोणीतून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली सुटी पावडर विकू नका. त्या पिशवीवर ना बॅच असते, ना तारीख, ना बनवणाऱ्याचं नाव. पोरगं उद्या दवाखान्यात गेलं, तर त्याने काय खाल्लं हे डॉक्टरांना कुणी सांगायचं? रिकामे डबे आहेत तसे भंगारात देऊ नका. लेबल फाडा, झाकणाला भोक पाडा, म्हणजे त्यात नकली माल भरून पुन्हा विकता येणार नाही.

डबा घरात असेल आणि डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, पायावर सूज आली किंवा छातीत धडधड सुरू झाली, तर पावडर तिथेच थांबवा आणि डॉक्टर गाठा. उरलेली पावडर फेकू नका. डबा, बिल आणि बॅच क्रमांकाचा फोटो जपून ठेवा. जपानमध्ये कोबायाशी कंपनीच्या लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्यांत बुरशीजन्य विष शिरलं, तेव्हा रुग्णांच्या मूत्रपिंडांच्या तक्रारी कंपनीकडे जानेवारी २०२४ मध्ये पोचल्या होत्या. लोकांना सांगितलं गेलं ते २२ मार्चला. मधल्या दोन महिन्यांत लोक त्या गोळ्या घेतच राहिले. म्हणून तक्रार कंपनीकडे करून गप्प बसू नका. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, एफएसएसएआयचा १८००-११२-१०० आहे.

प्रशासनाकडेही एक मागणी आहे. तपासलेल्या प्रत्येक सप्लिमेंटचं नाव, बॅच आणि निकाल मराठीत, सगळ्यांना पाहता येईल असा जाहीर करा. गोदामावर छापा पडल्याची बातमी आम्ही वाचतो, पण कोणत्या बॅचचा डबा घरात ठेवू नये हे त्यातून कळत नाही. ग्रामसभेत, तालमीच्या बैठकीत, अकॅडमीच्या पालकसभेत या मागणीचा ठराव करा आणि तो आपल्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.